आधी डोकं मोजा, मग नाव विणा

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. मी ६२ वर्षांची, नाशिकला राहते. शिक्षिका होते, आता निवृत्त. डिसेंबरात मुलाकडे अमेरिकेत, मिनियापोलिसला जायचं आहे. विणकाम लहानपणापासून हातात आहे, म्हणून यंदा घरच्यांना आणि मैत्रिणींना प्रत्येकाचं नाव विणलेली लोकरीची टोपी द्यायची असं मनात घेतलं. मुलगा, सून, नातू, निफाडचे दीर, पुतणीचं होऊ घातलेलं बाळ असं करत करत यादी १९ जणांची झाली. जुलै उजाडला, पण हात पुढे जात नाही. दोन वर्षांपूर्वी सुनेसाठी केलेली टोपी मी तिथे गेले तेव्हा कपाटात दिसली, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. नातवाने त्याची एकदाच घातली आणि 'आजी, टोचते' म्हणून काढून टाकली. तो आता सात वर्षांचा आहे. कुणी काही बोललं नाही, मीही बोलले नाही. दुसरं म्हणजे, माझ्या जिवलग मैत्रिणीची किमो सुरू झाली आहे. तिला टोपी दिली तर वाईट वाटेल का? आणि देवनागरीतलं नाव टोपीवर नीट कसं उतरवायचं? विणू की सोडून देऊ?"

प्रिय ताई,

विणा. पण १९ नको, सात विणा.

तुमचा हात बसलेला आहे, तरी मोठ्या माणसाची एक टोपी बॉर्डरपासून शेंड्यापर्यंत, शिवण आणि धागे लपवण्यासकट, आठ-दहा तास घेतेच. १९ टोप्यांचे दीडशेच्या वरच तास झाले. रोज दीड तास बसलात तरी साडेतीन-चार महिने त्यातच जातील. आणि दहाव्या टोपीला पोचेपर्यंत ती कुणासाठी आहे हेच मनातून निसटतं, यादीतलं नाव खोडायचं तेवढं उरतं. मुलगा, सून, नातू, दीर, पुतणीचं बाळ आणि तुमची मैत्रीण हे सहा झाले. सातवी तुमची स्वतःची. मिनियापोलिसला जानेवारीत कित्येक दिवस भर दुपारीही पारा शून्याच्या वर येत नाही, आणि कडाक्याच्या रात्री तो उणे २० च्याही खाली जातो. तिथे नाशिकचा स्कार्फ पुरा पडणार नाही. उरलेल्यांच्या टोप्या पुढच्या थंडीत होतील.

आता सुनेच्या टोपीबद्दल. ती कपाटात राहिली यात मला राग-रुसवा काही दिसत नाही. मला तुमच्या पत्रात दुसरीच गोष्ट दिसली. त्यात नावांची चौकशी आहे, मापाचा शब्द कुठेच नाही. तुम्ही ती टोपी गुपचूप, अंदाजाने विणली असणार, आणि समोरचा चकित व्हावा म्हणून आपण सगळ्याच तसं करतो. स्वेटर करताना आपण दहा वेळा अंगाला लावून पाहतो. टोपी मात्र लहानशी गोष्ट म्हणून डोळ्यांच्या मापावर सोडतो. टोपी खास त्या माणसाची होते ती आधी त्याच्या डोक्याच्या मापाने, मग त्याच्या केसांनी, मग ती घालून तो जाणार कुठे आणि ती धुणार कोण यावरून. नाव सगळ्यांत शेवटी. पेरूमध्ये टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे. तिथे पुरुष स्वतः टोप्या विणतात, आणि माणूस लग्नाचा आहे की बिनलग्नाचा हे टोपीच्या रंगावरून कळतं. नाव न लिहिताही टोपी माणसाची ओळख सांगू शकते, ती अशी.

तेव्हा यंदा गुपित नको. मुलाला फोन करा आणि तिघांची डोकी मोजून पाठवायला सांगा. भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून, कानांच्या वरून, मागचा सगळ्यांत फुगीर भाग धरून दोरा फिरवायचा आणि तो पट्टीवर ठेवायचा. बाईचं डोकं साधारण ५५-५६ सेंटीमीटर भरतं, पुरुषाचं ५७-५८, सात वर्षांच्या मुलाचं ५२ च्या आसपास. पण हे नुसते अंदाज आहेत, तुम्हाला हवा तो त्यांचा दोरा. टोपी डोक्यापेक्षा पाच-सहा सेंटीमीटरने लहान विणायची. लहान मुलासाठी चार कमी पुरे. विणलेलं कापड ताणतं, आणि थोडं ताणलेलंच डोक्यावर टिकतं. डोक्याएवढी विणली की दोन दिवसांत डोळ्यांवर येते.

टाके किती घालायचे हे पुस्तकावरून ठरवू नका. ज्या लोकरीची टोपी करायची तिचाच १२-१३ सेंटीमीटरचा चौकोन विणा, धुवा, वाळवा, आणि मग मधल्या १० सेंटीमीटरमध्ये टाके मोजा. धुतल्याशिवाय मोजायचं नाही, कारण काही लोकरी पाण्यातून निघाल्या की सैलावतात. समजा १० सेंटीमीटरला २२ टाके आणि ३० ओळी आल्या आणि मुलाचं डोकं ५७ भरलं. टोपी ५१ ची करायची, म्हणजे ११२ टाके. हा आकडा मला फार सोयीचा वाटतो. दोन सुलट दोन उलटच्या बॉर्डरला चारने भाग जातो आणि शेंडा मिटवायला आठने. बॉर्डरपासून १५ सेंटीमीटर झालं की १२ टाके विणून दोन एकत्र, असं आठ वेळा. पुढची ओळ साधी. मग ११ विणून दोन एकत्र. निम्मे, म्हणजे ५६ टाके उरले की दर ओळीला कमी करत जा. शेवटच्या आठ टाक्यांतून धागा ओवून घट्ट ओढून घ्या. दोन सुयांवर विणून मागे शिवणार असाल तर शिवणीचे दोन टाके जास्त घाला.

मुलगा तिकडून सुया आणून देतो म्हणाला तर एक लक्षात ठेवा. आपल्याकडची ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते, अमेरिकेतली ८ नंबरची ५ मिलिमीटरची. नंबरावर जाऊन मागवली तर सगळी टोपी सैल येईल. मिलिमीटरच सांगा.

नातवाची तक्रार खरी होती. लोकर टोचते ती जाड तंतूंच्या टोकांनी. तंतू साधारण ३० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असेल तर त्याचं टोक कातडीवर वाकत नाही, रुततं. मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचा तंतू बहुतेक वेळा २० च्या आसपास असतो म्हणून तो मऊ लागतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर खूप जाड, म्हणून घोंगडी बसायला-पांघरायला उत्तम, पण कपाळाला लावता येत नाही. दुकानात मऊ वाटणारी गुंडी कपाळावर मऊ लागेलच असं नाही, कारण बोटांची कातडी राठ असते. नमुन्याचा चौकोन हनुवटीखाली, गळ्याशी धरून दहा मिनिटं टीव्ही बघत बसा. तुम्हाला खाजलं तर नातवाला नक्की खाजणार.

आपल्या बाजारात 'लोकर' म्हणून मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं, आणि तुमच्याकडची जुनी गुंडी कशाची आहे हे कदाचित तुम्हालाही आठवत नसेल. बोटभर धागा चिमट्यात धरून जाळून पाहा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांत चुरली जाते. ॲक्रिलिक वितळतं आणि कडक मणी उरतो. हे कळणं गरजेचं आहे, कारण मुलाच्या घरी टोपी मशिनमध्ये धुतली जाणार आणि गरम ड्रायरमध्ये वाळणार. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात, टोपी आटून नमद्यासारखी, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडासारखी होते आणि परत सुटत नाही. नोकरी करणाऱ्या दोघांना 'हाताने गार पाण्यात धुवा' म्हणून सांगायचं म्हणजे ती टोपी कपाटातच ठेवायला सांगण्यासारखं आहे. त्यांच्यासाठी मशिनमध्ये धुता येणारी मेरिनो घ्या, परवडत नसेल तर चांगलं मऊ ॲक्रिलिक घ्या. ॲक्रिलिक घेतलंत म्हणून तुमची माया कमी होत नाही.

सुनेला दोन गोष्टी विचारा. केस कसे बांधते, आणि रोजचं जॅकेट कोणतं. जॅकेट खुंटीवर लटकलेलं असतानाच फोटो पाठव म्हणावं. अंबाडा किंवा वर बांधलेला पोनीटेल असेल तर साधी टोपी दर पाच मिनिटांनी वर सरकते, आणि मग बाई ती घालायचं सोडूनच देते. तिच्यासाठी शेंडा मिटवू नका, सहा-सात सेंटीमीटरचं तोंड उघडं ठेवून तिथे चार ओळी सुलट-उलट विणा आणि आतून बारीक इलॅस्टिक ओवा. अंबाडा बाहेर राहतो आणि कान झाकले जातात. रंग जॅकेटवर जाणारा घ्या, तुम्हाला आवडणारा नव्हे. मला ठाऊक आहे, राणी रंगाची गुंडी हातात घेतली की सोडवत नाही.

तिकडच्या वाऱ्यापुढे हाताने विणलेलं एकेरी कापड टिकत नाही, टाक्यांमधून वारा शिरतो. बॉर्डर पाच-सहा सेंटीमीटर जास्त विणून दुमडा आणि कानांच्या पट्ट्यात आतून फ्लीसची (मऊ, उबदार कापडाची) पट्टी सैल टाक्यांनी लावा. नातवाला मात्र गोंडा हवा की नको ते त्यालाच विचारा. जॅकेटचं हूड वरून ओढायचं असलं तर गोंडा आड येतो, पण सात वर्षांच्या मुलाला गोंडा हवा असला तर हवाच असतो.

आता नावाचं. लहान मुलाच्या टोपीवर बाहेरून पूर्ण नाव घालू नका. रस्त्यावर कुणी परका नावाने हाक मारू लागला की मूल त्याला ओळखीचा समजतं. नाव आत, दुमडलेल्या बॉर्डरच्या आतल्या बाजूला घाला, शाळेत टोपी हरवली तर तिथलं नाव कामाला येतं. बाहेर एकच अक्षर पुरे.

अक्षर विणता विणता दोन रंगांनी काढायला जाऊ नका. मागे धागे लोंबतात, चार-पाच टाक्यांहून लांब धागा राहिला की मुलाचं बोट त्यात अडकतं, आणि तेवढ्या भागात टोपी ताणत नाही. सबंध टोपी एका रंगात पुरी करा आणि मग बोथट सुईने सुलट टाक्यावर तसाच दुसऱ्या रंगाचा टाका भरा. टाक्याच्या पायथ्यातून सुई वर काढायची, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून आडवी न्यायची, परत त्याच पायथ्यात उतरायची. चुकलं तर अक्षर तेवढं उसवता येतं, टोपीला धक्का लागत नाही.

आणि वहीच्या चौकोनी कागदावर काढलेलं अक्षर टोपीवर बसकं दिसतं, त्याचं कारण टाका चौकोनी नसतो, उंचीपेक्षा रुंद असतो. २२ टाके आणि ३० ओळी हे माप धरलं तर ९ टाके रुंद आणि १२ ओळी उंच अक्षर चार बाय चार सेंटीमीटरचं येतं. कागदावर ते उंच, काटकुळं दिसेल, दिसू द्या. देवनागरीला शिरोरेषा आहे ही आपली मोठी सोय, सलग एक ओळ भरली की अक्षराला डोकं मिळतं. 'र', 'न', 'ग' लगेच जमतात. 'अ' ला निदान ११ टाके द्या, नाहीतर त्याचं पोट बुजतं. 'क्ष', 'ज्ञ', 'श्री' यांच्या वाटेला लहान टोपीवर जाऊ नका. वेलांटी आणि उकाराला वर-खाली प्रत्येकी तीन-चार ओळी लागतात, म्हणून नुसतं पहिलं अक्षर, बिनमात्रेचं. दुमडलेल्या बॉर्डरवर अक्षर हवं असेल तर ती दुमडून मगच भरा. मी एकदा आधी भरलं होतं, दुमडल्यावर ते आत गेलं आणि उलटं झालं.

तुमच्या मैत्रिणीबद्दल थोडं थांबून लिहिते.

माझ्या मोठ्या बहिणीची किमो चालू होती तेव्हा मी तिला दोन टोप्या विणून दिल्या. तीन आठवड्यांनी गेले तर तिने टोपी उलटी घातलेली, शिवण बाहेर. मी म्हटलं, अगं उलटी घातलीस. ती म्हणाली, आडवं झालं की मागची शिवण टोचते गं. त्या दिवशी मला कळलं की केस गेले की टाळू किती हळवी होते. चादरीची सुरकुतीसुद्धा लागते.

तेव्हा तिची टोपी बिनशिवणीची, गोल सुईवर विणा. सुती धागा किंवा अगदी मऊ सुती मिश्रण, सुलट टाक्यांची सपाट वीण, फुगीर वेण्या-नक्षी नको. केस नसले की डोकं दीड-दोन सेंटीमीटरने कमी भरतं, ते धरूनच माप घ्या, पण खोली जास्त ठेवा म्हणजे मान आणि कान झाकतील. घरात आणि झोपताना घालायला पातळ लागते, बाहेरची वेगळी. देण्याआधी दोनदा बिनवासाच्या साबणाने धुवा. त्या दिवसांत वास सहन होत नाहीत.

वाईट वाटेल का, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तिला विचारा. "तुझ्यासाठी टोपी विणू का? कोणता रंग हवा?" एवढंच. केस बहुधा पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत जायला लागतात, पण सगळ्याच औषधांनी जातात असंही नाही, तेव्हा तिच्या डॉक्टरांनी काय सांगितलं आहे तेही तिच्याकडून कळेल. ती 'नको' म्हणाली तर नको. मग भाताची पेज घेऊन जा, आणि विणकाम हातात घेऊन तिच्याजवळ बसा, सुनेची टोपी तिथे बसून विणा. ती 'हो' म्हणाली तर त्या टोपीवर काही लिहू नका. नाव, धीराचा शब्द, काहीच नको. तिला आरशात नुसती एक चांगली टोपी दिसू दे.

निफाडच्या दिरांचं काम सोपं आहे. तिथे कडाक्याच्या थंडीत पारा पाच-सहा अंशांवर, कधी त्याहूनही खाली उतरतो, आणि द्राक्षबागेत पहाटे फिरणाऱ्याला कान झाकायला हवेत, पण मोटारीचा आवाजही ऐकू यायला हवा. पूर्ण माकडटोपी नको, कानावर पट्ट्या येणारी साधी कानटोपी, गडद रंगाची, ॲक्रिलिकची. माती लागणार, फवारणीचे डाग पडणार, रोज धुतली जाणार.

पुतणीच्या बाळाला जन्मानंतर लगेचचं टोपडं विणू नका, तशी पाच घरांतून येतील. नवजात बाळाचं डोकं ३५ सेंटीमीटरच्या आसपास असतं आणि तीन महिन्यांत ४० होतं. ४० चं धरून विणा. नाडी, गोंडा, बटण, मोती काही लावू नका आणि तंतू सुटणारी केसाळ लोकर नको. बाळाला घरात झोपताना टोपी घालत नाहीत, डोकं तापतं आणि टोपी तोंडावर सरकण्याची भीती असते, हे पुतणीला प्रेमाने सांगा. बाळ अजून यायचं आहे, म्हणून अक्षरही नंतर.

राहिला मुलगा. त्याचा शाळेतला एखादा स्वेटर जपून ठेवलेला असेल तुमच्याकडे. बहुतेक घरांत असतो, नेव्ही ब्ल्यू किंवा मरून, कोपर विरलेला. त्याची बाही उसवा. सुटलेला धागा कुरळा निघेल. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, हलकं पिळा आणि खाली वजन लावून सावलीत टांगा. वाळला की बराचसा सरळ होतो. मुलाची टोपी नव्या लोकरीची विणा आणि दुमडलेल्या बॉर्डरच्या आत, जिथे ती त्याच्या कपाळाला लागेल, तिथे या धाग्याच्या चार ओळी विणा. धागा फार जुना असेल तर ओढून पाहा, तुटत असेल तर नव्या धाग्याबरोबर दुहेरी धरा. ही टोपी त्याचं नाव न घालताही दुसऱ्या कुणाची होणार नाही.

सुरुवात नातवाच्या टोपीने करा, ती सगळ्यांत लहान आणि तुमच्या मनाला सगळ्यांत लागलेली. ऑगस्टअखेर ती झाली की टपालाने पुढे पाठवून द्या. आखूड झाली, सैल झाली, खाजली, जे असेल ते त्याने फोनवर तुम्हाला सांगावं. पुढच्या टोप्या त्यावरून सुधारता येतील. निघताना सुया मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या नको.

आणि तिथे पोचल्यावर सुनेला म्हणा, मागची ती टोपी काढ, आपण उसवू. लोकर चांगली आहे, वाया घालवायची नाही. ती लडी हातांवर धरेल, तुम्ही गुंडी करा. तेवढ्यात तिला कसली टोपी हवी होती ते ती आपणहून सांगेल.

तुमची,
ताई